मदत हवी आहे: ऊसतोड कुटुंबाचा 'नेहमीचा दवाखाना' कोणता धरायचा?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांना प्राथमिक आरोग्यसेवा कशी मिळते, यावर पीएचडी करतेय. आधार घेतलाय बार्बरा स्टारफील्ड यांच्या मांडणीचा. मूळच्या बालरोगतज्ज्ञ, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होत्या, २०११ मध्ये वारल्या. त्यांचं म्हणणं असं की इमारती नि खाटा मोजून प्राथमिक सेवेचा दर्जा कळत नाही. दुखणं आलं की माणूस आधी तिथंच जातो का, वर्षानुवर्षं तिथंच जातो का, बहुतेक दुखणी तिथंच निभावतात का आणि मोठ्या दवाखान्यात पाठवल्यावर पुढचं-मागचं कुणी सांभाळतं का, ते बघा. २००५ मध्ये लेयू शी आणि जेम्स मॅकिंको यांच्यासोबतच्या लेखात त्यांनी दाखवलं की जिथं प्राथमिक सेवा भक्कम तिथं लोकांची तब्येत बरी, आणि गरीब-श्रीमंतांतली तफावतही कमी.

इथवर ठीक. घोडं अडलंय ते त्यांच्या प्रश्नावलीत. सुरुवातीलाच तीन प्रश्न आहेत: आजारी पडल्यावर सहसा कुठल्या डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात जाता? तुम्हाला सगळ्यात चांगलं कोण ओळखतं? तुमच्या तब्येतीची जबाबदारी मुख्यतः कुणाची? तिन्हींचं उत्तर एकच आलं तर नातं घट्ट. पुढचे सगळे प्रश्न मग त्याच दवाखान्याबद्दल.

धारूरकडच्या एका मावशींची उत्तरं देते. सहसा? "बाजारच्या गावातला डॉक्टर, सुई मारतो." ओळखतं कोण? "आशाताई." जबाबदारी? मावशी हसल्या. "मुकादमाची. दवाखान्याचे पैसे बी तोच देतो, मंग उचलीत धरतो." (मुकादम म्हणजे मजुरांची टोळी ठरवून तोडीला नेणारा, उचल म्हणजे त्यानं आधीच दिलेले आगाऊ पैसे.)

प्राथमिक आरोग्य केंद्राचं नावच नाही! गाईड म्हणतात, सरळ केंद्राचं नाव टाक आणि पुढचे प्रश्न विचार. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही सुचत नाही. असं फील्डवर्क कुणी केलंय का?

गोदाकाठ:
ताई, गाईडचं ऐकू नका. केंद्राचं नाव तुम्हीच घातलं तर उत्तरं केंद्राची येतील, मावशींची नाही.

मी या भागात वैद्यकीय अधिकारी होतो. कागदावर केंद्र ३०,००० लोकसंख्येला. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघाल्या की वाड्या-तांड्यांवर उरतात म्हातारी माणसं. रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही महिन्याच्या द्यायचो आणि बाया म्हणायच्या, "डॉक्टर, गुढीपाडव्यापर्यंतच्या द्या." नोंदवहीत त्या 'उपचार सोडलेल्या' म्हणून लागायच्या. त्यामुळे तेच तीन प्रश्न दोनदा विचारा, एकदा गावातल्या महिन्यांबद्दल, एकदा फडावरच्या, म्हणजे ऊसतोडीच्या जागेवरच्या. गुण वेगळे ठेवा, सरासरी काढू नका.

बालाघाट:
वरच्या मताशी सहमत. आशाताईचं उत्तर मात्र 'डॉक्टर नाही' म्हणून खोडू नका. आष्टी-पाटोद्याला लागूनच जामखेड आहे. तिथं १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना तयार करून काम उभं केलं. त्यातल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. डॉक्टर बदलून जातो, ती बाई गावातच राहते. तुमच्या भागात सातत्य जे काही आहे ते तिच्यापाशीच सापडेल.

आणि मुकादमाचं उत्तर तर प्रबंधात ठळक यायला हवं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. साधं अंगावरून पांढरं जाण्याचं दुखणं गावाजवळ का निभावलं नाही, थेट गर्भाशय काढण्यापर्यंत का गेलं, हा स्टारफील्डबाईंचाच प्रश्न झाला की.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. दोनदा विचारण्याची कल्पना गाईडना पटवून देता येईल असं वाटतंय. आता पुढची अडचण. फडावर मुलाखत घ्यायची तर मुकादम शेजारी येऊन बसतो, त्याच्यासमोर बाई उचलीचं बोलणार नाही. कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) रात्री जावं तर त्या पहाटे उठून पुन्हा तोडीला. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परत येईपर्यंत थांबावं का? पण तोवर फडावरचं कितपत आठवेल? आणि नैतिकता समितीच्या अर्जात मुकादमाच्या परवानगीचं काय लिहायचं, तेही सांगा.