आशाताईंना गर्भाशयमुखाची तपासणी शिकवावी का?

रानवाट
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे एनएफएचएस-5 (2019-21) प्रमाणे देशात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी एकदा तरी झालेल्या फक्त 1.9 टक्के. केंद्राच्या 2016 च्या सूचनांत 30 ते 65 वयाच्या प्रत्येकीची दर 5 वर्षांनी व्हीआयए, म्हणजे सौम्य अॅसिड लावून गर्भाशयमुख नजरेने बघायची तपासणी, सांगितली आहे. ती करायची एएनएम (उपकेंद्राची परिचारिका), नर्स किंवा डॉक्टरांनी, आशाने नुसता सीबॅक फॉर्म (आजारांच्या जोखमीची प्रश्नावली) भरायचा. माझं स्पष्ट मत आहे की निवडक आशांना हीच तपासणी शिकवावी. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना 4 आठवडे शिकवून हे करून दाखवलंय. सुमारे 75 हजार बायकांचा तपासणी गट, दर दोन वर्षांनी एक अशा 4 फेऱ्या, आणि या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

चष्मेवाली
मुंबईचा दाखला दिलात, आता धाराशिवचाही घ्या. तिथल्या अभ्यासात (निष्कर्ष 2009) 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायका होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या व्हीआयएने म्हणावा असा फरक पडला नाही.

कारण व्हीआयए सगळी नजरेवर आहे. आधी कापसाने स्राव पुसायचा, मग 5 टक्के अॅसिटिक अॅसिड लावून घड्याळात बघून पूर्ण 1 मिनिट थांबायचं. रांग लागली की 20 सेकंदांत बघून मोकळं होतात, मग खरा डाग निसटतो. डाग मोजायचा तो दाट, ठळक कडेचा आणि गर्भाशयमुखावरच्या दोन आवरणांच्या सांध्याला चिकटलेला. फिकट, विरळ पांढरेपणा जंतुसंसर्गातही दिसतो. पाळी गेल्यावर तो सांधाच आत सरकतो, मग पन्नाशीच्या पुढे निगेटिव्ह लिहिण्याला अर्थ किती? पिवळ्या टॉर्चच्या उजेडात तर पांढरं ओळखूच येत नाही.

रानवाट
यातलं प्रत्येक कारण शिकवण्याचं आणि देखरेखीचं आहे, आशाच्या शिक्षणाचं नाही. द्रावण रोज ताजं करायचं: 95 मिली डिस्टिल्ड पाण्यात 5 मिली ग्लेशियल (शुद्ध, तीव्र) अॅसिटिक अॅसिड, पाण्यात अॅसिड, उलटं नाही. तेच न पातळ करता लागलं तर भाजतं, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं. शिकाऊ ताईचं निदान डॉक्टरांशी जुळू लागेपर्यंत तिला एकटीला बसवायचं नाही. पुढे दर महिन्याला पॉझिटिव्हचं प्रमाण बघायचं. एकाच तालुक्यात एकीकडे शंभरात 1 आणि दुसरीकडे 25 येत असतील तर फेरप्रशिक्षण हवंच. नर्सच्या हातूनही हेच चुकतं.

बांधावरची
आशाकडे कामावर आधारित मोबदला आणि डोक्यावर आधीच डझनभर रजिस्टरं. त्यात स्पेक्युलम (आत बघण्यासाठी योनी उघडी धरणारं उपकरण) आलं की ते 0.5 टक्के क्लोरीनमध्ये 10 मिनिटं बुडवणं, धुणं, 20 मिनिटं उकळणं यातच अर्धा तास जातो. दिवसाला 15 बायका म्हणजे 15 स्पेक्युलम, नाहीतर दुपारी शिबिर बंद.

त्यापेक्षा बाईने स्वतःच एचपीव्हीसाठी नमुना घ्यायची पद्धत आशाला शिकवा. बाई आडोशाला जाऊन ब्रश आत घालते, अडेल तिथे थांबून काही वेळा फिरवते आणि नळीत टाकते. ब्रशच्या टोकाला बोट लावायचं नाही, नळीवर नाव-क्रमांक आधीच चिकटवायचा. टीबीसाठी आलेल्या ट्रूनॅट मशिनवर एचपीव्हीची चिपही चालते, ते मशिन गोव्याच्या मोलबायोचंच आहे. धाराशिवमध्ये एचपीव्ही पॉझिटिव्ह 10.3 टक्के होत्या. म्हणजे हजारातल्या सुमारे शंभरच तपासणीच्या टेबलावर येतील. त्यांना उपकेंद्राच्या सीएचओने (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने) नीट बघावं.

चष्मेवाली
याला माझा पाठिंबा, पण त्या शंभरजणींचं पुढे काय? थर्मल अॅब्लेशनचं (डाग उष्णतेने जाळण्याचं) उपकरण हातात मावतं, 100 अंशाला 20 ते 30 सेकंदांत काम होतं. मात्र डाग आतल्या नळीत शिरलेला नसावा, सांधा पूर्ण दिसावा आणि कॅन्सरची शंका नसावी. हे ठरवणारी नजर लागतेच. उपकरण नसताना 'पॉझिटिव्ह' एवढंच सांगून घरी पाठवलं, तर ती बाई थेट पिशवी काढणाऱ्याच्या दारात जाते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. 'कॅन्सर होईल' ही भीती तिथेही घातली गेली होती. उपचाराची तारीख हातात नसेल तर तपासणी सुरूच करू नये.

रानवाट
तारखेचं मान्य. पण अॅब्लेशन प्रत्येक आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आज पस्तिशीत असलेली बाई पन्नाशी ओलांडेल. एका तालुक्यात एक उपकरण, आठवड्याचा एक ठरलेला वार, एवढ्यावर सुरू होऊ शकतं.

बांधावरची
वार ठरवताना ऊसतोडीचा हंगामही धरा. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांवर जातात त्या उन्हाळ्यातच परततात. ऑक्टोबरात घेतलेल्या नमुन्याचा निकाल डिसेंबरात आला तर सांगणार कोणाला, घराला कुलूप असतं. त्या गावांत जून ते ऑगस्टमध्ये नमुने घ्या आणि उपचार दसऱ्याआधी उरका.