माती आणि मॅट दोन्हीकडे कुस्ती लढणाऱ्या मुलांच्या सरावाचे वर्षभराचे नियोजन कसे करावे?

प्रश्न (गावची तालीम)

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावात जुनी तालीम आहे. पंधरा ते सतरा वर्षांची मुले पहाटे जोर, बैठका, सपाट्या मारून हौद (मातीचा आखाडा) उकरतात आणि मग लढत करतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी मॅटवर सराव असतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत ही मुले दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मैदानात उतरतात, आणि निवड चाचण्याही त्याच काळात येतात. माघ उजाडेपर्यंत खांदे आणि गुडघे दुखू लागतात. दिवाळीच्या सुमारास चपळ असलेला मुलगा जड वाटू लागतो. मेहनत कमी करावी, तर अंग सुटेल असे वडीलधारी मंडळी म्हणतात. पुस्तकांतील तक्ते वर्षातून एकदोनदा स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंसाठी आखलेले असतात. ते आमच्या वेळापत्रकात कसे बसवावेत?

उत्तर (मॅट प्रशिक्षक)

तालमीचा दिनक्रम मोडू नका, त्यातील मात्रा बदला. ज्या दोन स्पर्धांत मुलाने पूर्ण तयारीनिशी उतरावे असे आपल्याला वाटते, त्या आधी ठरवा आणि तेथून उलटे मोजत या. मृगापासून दसऱ्यापर्यंत मैदाने थोडी असतात, म्हणून पायाभरणी तेव्हाच करावी: जोर-बैठकांची संख्या, दोरखंड चढणे, धावणे आणि मानेची मेहनत तीन आठवडे चढवत न्यावी आणि चौथ्या आठवड्यात सुमारे एक तृतीयांश उतरवावी. दिवाळीनंतर संख्या घटवून वेग वाढवावा. अंग सुटते ते मेहनत पूर्ण बंद केल्याने. संख्या कमी करून जोम कायम ठेवला तर ताकद बराच काळ टिकते.

लढतीचा सराव मात्र मॅटच्या नियमांप्रमाणेच आखावा लागेल. सतरा वर्षांखालील गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. वरिष्ठांच्या फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या असतात. मातीतल्या निकाली (चितपट होईपर्यंतच्या) कुस्तीत खडाखडी करत समोरच्याचे बळ जोखायला वेळ मिळतो. मॅटवर तसे केले, तर पंच निष्क्रियतेबद्दल ताकीद देतात, आणि समोरच्याने रेटून रिंगणाबाहेर काढले तरी गुण जातो. म्हणून केवळ तासभर सलग लढत न ठेवता तुकडे पाडा: एकेरी पट (समोरच्याचा एक पाय) धरलेला आहे, येथून वीस सेकंदांत गुण घ्यायचा, दुसऱ्याने तो वाचवायचा, मग मिनिटभर विश्रांती, आणि असे सहा-आठ वेळा.

आणि वही ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारा, आजची मेहनत शून्य ते दहामध्ये किती जड गेली. त्या आकड्याला मिनिटांनी गुणा: नव्वद मिनिटांची लढत सहा जड वाटली, तर भार ५४०. जत्रेतील कुस्तीही याच वहीत मांडली पाहिजे, कारण दुपारभर उन्हात जोड ठरण्याची वाट पाहणे आणि रात्री उशिरा घरी पोहोचणे यांचाही थकवा असतोच. आठवड्याची बेरीज एकाएकी चढलेली दिसली की पुढचे दोन दिवस लढत बंद ठेवावी.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट)

वरील उत्तराशी सहमत आहे. खांद्यांबाबत एक भर घालतो. जोरांत सगळे काम रेटण्याचे असते, ओढण्याचे फारसे नसते. म्हणून जोरांबरोबर दोरखंड किंवा पुल-अप रोज हवेतच, नाहीतर छाती बळकट आणि पाठीकडची बाजू दुबळी राहून खांदा कुरकुरतो. गुडघ्याची सूज चोवीस तासांत उतरली नाही, तर मुलाला हौदात उतरवू नये.

वजनाचा स्तंभही त्या वहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होते, आणि अंतिम फेरी गाठणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोपेक्षा सुमारे शंभर ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम लढत हातची गेली. पाणी तोडून वजन उतरवण्याचा प्रकार वाढत्या वयातील मुलांत तर पूर्ण बंद व्हायला हवा. १९९७ साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच प्रयत्नांत दगावले, आणि त्यानंतर तेथील नियम बदलले.

उत्तर (जुना पैलवान)

नियोजन जरूर करा, पण मातीला अडचण समजू नका. हळद, ताक, तेल घातलेल्या मऊ हौदात डाव बसतो, पाय रोवायला शिकता येते आणि पडण्याची भीती जाते. तोटा आहे तो मॅट उशिरा मिळण्याचा. खाशाबा जाधव १९४८ साली ऑलिम्पिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांच्या सवयीची नव्हती, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले.

जत्रा एकदम बंद करणे गरीब घरच्या मुलाला परवडणार नाही, कारण खुराकाचा खर्च त्या इनामातूनच निघतो. मात्र कुस्ती कोणाशी लावायची हे वस्तादांनी ठरवावे, मुलाने किंवा यात्रा कमिटीने नव्हे. रेवड्यांच्या (नवख्या मुलांच्या) कुस्तीतला मुलगा उत्साहाच्या भरात दहा किलो जड जोडीसमोर उभा राहतो आणि दुखावलेला खांदा घेऊन परततो, हे मी अनेक मैदानांत पाहिले आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वही उद्यापासूनच सुरू करतो. एकच शंका उरते: निवड चाचणी गावच्या यात्रेनंतर आठवड्याभरात असेल आणि घरच्या मैदानात न उतरणे शक्यच नसेल, तर काय करावे?

उत्तर (मॅट प्रशिक्षक)

यात्रेची कुस्ती हीच त्या पंधरवड्यातील शेवटची जड मेहनत समजा. जोड समान वजनाची आणि वेळ ठरवून घ्या. बरोबरीत सोडवावी लागली तरी चालेल, हे कमिटीशी आधीच बोलून ठेवा. दुसऱ्या दिवशी चालणे आणि मालिश एवढेच असू द्या. पुढे चाचणीपर्यंत सरावाचा वेळ निम्म्यावर आणावा, पण पटाचा वेग तोच ठेवावा, आणि शेवटचे दोन दिवस लढत अजिबात देऊ नये.