नाताळ समजायला पुस्तक उघडावं लागतं का?

विश्रामबागवाला (धागा सुरू करणारा):
डिसेंबर लागला की सांगलीत बेकऱ्यांबाहेर कापसाचा बर्फ, प्लम केकचे बोर्ड, शाळेत पोरांना लाल टोप्या घालून फोटो, आणि २६ तारखेला सगळं गुंडाळून थर्टी फर्स्टची तयारी. आपण ख्रिस्ती नाही तरी साजरा करतोच ना, मग तो सण कशाचा आहे हे निदान वाचावं की. लूकच्या शुभवर्तमानात (बायबलात येशूची चार चरित्रं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची, त्यातलं हे एक) बरोबर २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरपासून रोज एक असं बरेच ख्रिस्ती लोक वाचतात, मीपण यंदा धरलंय आणि पहिल्याच अध्यायात अडकलो, येशूच्या आईचं, मरीयेचं गाणं आहे तिथं. नाताळच्या देखाव्यात ती गव्हाणीशेजारी मान खाली घालून बसलेली असते, आणि इथं म्हणते की देव सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढतो, भुकेल्यांना पोटभर देतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हातानं लावून देतो. ग्रीटिंग कार्डावर बघितलंय का कुणी हे? केक खा, पण वाचा. न वाचता केलेला नाताळ म्हणजे नुसती लायटिंग.

मिरज_जंक्शन:
दादा, बाकी सगळं पटलं, शेवटचं वाक्य टोचलं. मिशनरी डॉ. वानलेसनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून आमचं घर इथं आहे. आजी माझी सही करायच्या जागी अंगठा उठवायची, पण लूकचा दुसरा अध्याय तोंडपाठ, चर्चमध्ये ऐकून ऐकून. आमच्यात नाताळाच्या आधी ढोलकी-पेटी घेऊन रात्री घरोघर गाणी म्हणत जातात, आणि ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलंय तिथं आधी जायचं असा आजीचा हट्ट. तिचा नाताळ लायटिंग होता व्हय?

कोरेगावकर:
मला हिशोबाचीच शंका आहे. लूकमध्ये जन्म दुसऱ्या अध्यायात उरकतो, म्हणजे २ तारखेला. मग २२ ला अटक, २३ ला क्रूस, २४ ला पुनरुत्थान. ऐन नाताळच्या तोंडावर ईस्टर वाचणार काय राव? मार्क आणि योहानात तर जन्माची गोष्टच नाही. मेंढपाळ लूकमध्ये, मागी लोक, म्हणजे ताऱ्यामागून आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, मत्तयात, तेही तीन होते असं तिथं लिहिलेलं नाही, भेटवस्तू तेवढ्या तीन. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात कुठंच नाही. वाचायला लागलात तर तुमचा देखावाच मोडेल.

विश्रामबागवाला:
मोडू दे की, त्यासाठीच वाचायचं! मत्तयाचा दुसरा अध्याय बघा, मागी लोक परत गेल्यावर काय होतं? हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली पोरं मारायला लावतो आणि हे कुटुंब रातोरात इजिप्तला पळतं. २०१९ च्या पुरात नेसत्या कपड्यांवर निघालेली माणसं आपण बघितलीत, आपल्याला तरी हे कळायला पाहिजे. आणि जन्मानंतर लगेच क्रूस येतो हे विचित्र वाटतं खरं, पण ते बाळ पुढं कोण झालं हे बाजूला ठेवून नुसता पाळणा हलवायचा, याला काय अर्थ आहे? मिरजकर, आजींबद्दल बोललो नव्हतो, त्यांनी कानानं वाचलं असं समजतो मी.

पारायण_पलूस:
औदुंबर आमच्या तालुक्यातच. दत्तजयंतीला घरात गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण असतं आणि अनुभवानं सांगतो, कोटा ठरवून दिला की माणूस अर्थ सोडून पानं मोजतो. शेवटच्या दिवशी तर गाडी अशी सुटते की विचारू नका 😀 तुमचं रोज एक अध्याय तसंच होणार. त्यापेक्षा ते गाणं एकटं महिनाभर वाचा. शिवाय भक्तीनं वाचणं वेगळं आणि माहितीसाठी वाचणं वेगळं, तुम्ही दुसरं करताय आणि पहिल्याचा आव आणताय, स्पष्टच बोलतो.

साताऱ्याची_माहेरवाशीण:
वाचन म्हणजे शिकलेल्यांची चैन असा सूर दिसला म्हणून लिहिते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ ला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा आमच्या साताऱ्यातच सुरू केला. १९१९ ला ते गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं, ते पुरं कुणी केलं तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळखच मुळी लग्नानंतर झाली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई येशूचं अख्खं चरित्र ओव्यांत पुरं करते. आजीला कुणी शिकवलं नाही, यात पुस्तकाचा काय दोष?

मिरज_जंक्शन:
ताई, दोष कुणाचाच नाही. पण टिळकांची भजनं आम्ही वाचत नाही, गातो, आणि ज्यांना वाचता येत नाही तेपण गातात. विश्रामबागवाले, २४ ला रात्री या मिरजेत, थंडीत चार गल्ल्या फिरा, मग बोलू.

विश्रामबागवाला:
येतो. पण ती भजनं कुणीतरी आधी वाचून, विचार करून लिहिलीत, त्यामुळं मी काय मागं हटत नाही.

कोरेगावकर:
म्हणजे २४ चा अध्याय बुडाला.