मांडीतून पाय गेलेला स्नोबोर्डर गुडघा कसा वाकवतो?

हिमरेषा: अमेरिकन स्नोबोर्डर माइक शुल्ट्झचा पाय २००८च्या स्नोमोबाइल अपघातानंतर गुडघ्याच्या वर कापावा लागला. तरी २०१८च्या प्याँगचँग पॅरालिम्पिकमध्ये स्नोबोर्ड क्रॉसचं, म्हणजे वळणं-उड्यांच्या उतारावरच्या शर्यतीचं सुवर्ण! चालायच्या कृत्रिम पायावर हे जमतं का?

खटपट्या: नाही. चालायचा कृत्रिम गुडघा मुख्यतः पाय सरळ असताना वजन पेलतो. बोर्डवर गुडघे सतत वाकलेले हवेत. तिथे तो एकतर ताठ राहतो, नाहीतर दुमडतो. शुल्ट्झने स्वतःच 'मोटो नी' बनवला. त्यात माउंटन बाइकचा हवेचा शॉक आहे, तो मांडीच्या स्नायूंसारखा उलट जोर देतो. हवा कमी पडली तर उडीनंतर शॉक तळाला आपटतो. जास्त झाली तर गुडघा वाकतच नाही आणि बोर्डच्या कडेची बर्फावरची पकड सुटते.

गारठा: हवा उतारावरच तपासा. २० अंशांच्या खोलीत भरलेली हवा उणे १० अंशांत साधारण १० टक्के दाब गमावते. रिबाउंडही, म्हणजे दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग, मंद ठेवा, नाहीतर पाय उसळून फेकतो.

हिमरेषा: शुल्ट्झचा स्पर्धेतला गट कोणता?

खटपट्या: एसबी-एलएल१, म्हणजे पायाचं अपंगत्व जास्त असलेल्यांचा स्नोबोर्ड गट. गुडघ्याखालून पाय गेलेले बहुतेक एलएल२मध्ये. गंमत म्हणजे शुल्ट्झचे अनेक प्रतिस्पर्धीही त्याच्याच कृत्रिम पायांच्या कंपनीचे पाय लावून उतरले आहेत.