सुमो जसाच्या तसा टिकला, मग आपली मातीची कुस्ती का नाही?

रंकाळाकाठ:
कामासाठी टोकियोत आलोय. सप्टेंबरची स्पर्धा चालू होती, म्हणून र्योगोकूच्या कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमोच्या मुख्य सभागृहात, सुमो पाहून आलो. कोल्हापूरचा माणूस, कुस्ती म्हटलं की पाय वळतातच.

सुरुवातीला वैतागलो. गडी वर येतात, पाय आपटतात, मूठभर मीठ उधळतात, खुन्नस देतात आणि परत आपापल्या कोपऱ्यात! पुन्हा मीठ, पुन्हा खुन्नस. वरच्या गटाला या सोपस्कारांसाठी चार मिनिटं असतात, कुस्ती मात्र बऱ्याचदा दहा सेकंदांत निकाली. हळूहळू लक्षात आलं, पब्लिकला खरी चढते ती या चार मिनिटांतच. वेळ संपून गडी शेवटचं मीठ घ्यायला वळला की अख्खं सभागृह ओरडतं. आणि जिंकल्यावर ना नाच, ना शड्डू. गडी उकिडवा बसतो, पंच पंख्यावर बक्षिसाच्या पाकिटांची थप्पी पुढे करतो, हा हवेत हात फिरवून ती उचलतो, झालं.

वजनगट नाहीत, गुण नाहीत. साडेचार मीटरच्या रिंगणाबाहेर गेला किंवा तळव्याशिवाय काही टेकलं, की हरला. वर्षाला सहा स्पर्धा, प्रत्येक 15 दिवसांची, एनएचके या जपानी वाहिनीवर थेट. ऑलिंपिकसाठी यांनी चिमूटभर मीठ कमी केलं नाही. आपण ऑलिंपिकच्या गादीच्या (मॅटच्या) मागे लागलो आणि तांबडी माती जत्रेपुरती ठेवली. खेळ जपायचा तर असा!

मुठेकर:
जत्रेपुरती? महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी दोन्ही विभाग आहेत राव. गादीला नावं ठेवण्याआधी खाशाबा जाधव आठवा. मातीत तयार झालेला गडी, 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये गादीची सवय नसताना सहावा आला, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. मातीलाच धरून बसले असते तर साताऱ्याबाहेर कोणी ओळखलं असतं? सुमोचं काय, त्यांचा खेळ, त्यांचे नियम, त्यांचंच मैदान. बदलायची वेळ येणार कशाला?

ओसाकाकर:
बरीच वर्षं जपानात राहतोय, म्हणून लिहितो. तुम्ही पाहिलात तो वरचा मजला. पगार मिळतो तो वरच्या दोन गटांतल्या 70 जणांना. खालच्या शेकडो पोरांना राहणं-खाणं आणि किरकोळ भत्ता, वर सिनियरांचा स्वयंपाक करायचा, पाठी घासायच्या. 2007 मध्ये एका तालमीत 17 वर्षांचा पोरगा मारहाणीत गेला, वस्ताद तुरुंगात गेला. 2011 मध्ये लढती ठरवून होतात हे उघड झालं आणि मार्चची ओसाकाची स्पर्धाच रद्द करावी लागली. जसंच्या तसं जपलं की हेही जपलं जातं.

रंकाळाकाठ:
नुरा (आधीच ठरवलेल्या) कुस्त्या आपल्याकडे होत नाहीत होय? निदान यांनी स्पर्धा रद्द केली! पोरांच्या हालांचं पटतं, त्याची बाजू घेत नाही. पण त्याचा मिठाशी आणि मातीशी काय संबंध? मंगोलियाहून आलेल्या हाकुहोने 45 स्पर्धा जिंकल्या, त्याला योकोझुना, म्हणजे सुमोतला सर्वोच्च किताब, दिलाच ना? म्हणजे रीत न मोडताही दार उघडता येतं.

ओसाकाकर:
उघडतं, पण किती? एका तालमीत परदेशी गडी एकच.

शेवंता:
बाईला तेवढंही नाही, तिला रिंगणात पाऊलच टाकता येत नाही. 2018 मध्ये जपानच्या माइझुरू शहरात भाषण करताना महापौर सुमोच्या रिंगणातच कोसळले. काही बायका वर धावल्या, छाती दाबून प्रथमोपचार करू लागल्या, तर पंच लाउडस्पीकरवरून सांगतोय, बायकांनी रिंगणाबाहेर जावं! संघटनेच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली, नियम मात्र तोच. फुसाए ओता ओसाकाच्या निवडून आलेल्या गव्हर्नर होत्या. 2000 पासून दरवर्षी विचारायच्या, विजेत्याला बक्षीस रिंगणात जाऊन देऊ का? दरवर्षी नकार. रंकाळाकाठ, तुमच्याच जिल्ह्यात पोरी तालमीत पोरांच्या बरोबरीने घाम गाळतात. ही परंपरा त्यांना समोर बसवून समजावून सांगा, काय म्हणतात ते इथे लिहा.