मदत हवी आहे : काल्पनिक राज्यातला जलदुर्ग पाडायचा कसा?

मंडळी, मी मालवणचा. एका काल्पनिक राज्याचा इतिहास रचतोय. आरमारप्रमुख बंड करतो आणि राजा त्याला मोडायला परक्या व्यापाऱ्यांची जहाजं बोलावतो. (बीज उघड आहे : १७५६, विजयदुर्ग, तुळाजी आंग्रे विरुद्ध पेशवे आणि इंग्रज.)

अडलंय वेढ्यात. किल्ल्यात सिंधुदुर्गातल्या दूधबाव-साखरबावसारख्या गोड्या विहिरी आहेत, म्हणजे तहानेने कोणी शरण येणार नाही. आषाढात दर्या बंद, त्यामुळे वेढा उठतो. फितुरी नको, कथेत ती फार स्वस्त पडते.

श्रावणात, बंडखोरांची गलबतं किनाऱ्यावर शाकारलेली असतानाच हल्ला केला तर पटेल का? तेव्हाच्या लाटांत होडी घालण्याची जोखीम कोणी खलाशी घेईल? दर्यावर्दी घरातल्यांनी जरूर सांगा.