कुस्तीचं मैदान, संध्याकाळचा उजेड: अपर्चर अन् आयएसओ किती ठेवता?

पलूसकर_क्लिक:
मंडळी, जत्रांचा सीझन आला, आमच्या पलूस-कुंडल पट्ट्यात मैदानं सुरू होतील. माझ्याकडं कॅनन १५००डी कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली (किटची) १८-५५ लेन्स, एक ५५-२५० झूम आणि ५० एमएम एफ १.८ एवढंच सामान आहे. दुपारच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या छान येतात, पण एक नंबरची कुस्ती लागते तेव्हा नेमका दिवस मावळलेला असतो आणि तिथनं पुढं सगळा गोंधळ, ऑटोवर ठेवलं की पैलवानाचे हातपाय फराटे मारल्यासारखे दिसतात आणि आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) वाढवला की लाल मातीत अजून लाल-हिरवे दाणे. फ्लॅश मारायचा नाही, वस्ताद लोक ओरडतात आणि बरोबरच आहे त्यांचं. तर तुम्ही मैदानात अपर्चर (लेन्सचं भोक), आयएसओ काय ठेवता? आकडे सांगा, नुसतं ‘लाइट बघून ठेव’ नको.

मिरज_जंक्शन:
भावा, कुस्तीत आधी शटर (सेकंदाचा कितवा भाग उजेड आत घ्यायचा ते) धरायचं, बाकीचं त्याच्या मागनं येतं. खडाखडी चालू असंल तर १/२५० चालतं, पण ढाक नाहीतर कलाजंग असला डाव लागला की १/५०० पेक्षा हळू शटरला पैलवानाचा हात हललेला येतोच. म्हणून मी एम (मॅन्युअल) मोड, शटर १/५००, अपर्चर लेन्स जेवढी उघडंल तेवढी (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि आयएसओ ऑटो. चार वाजता ऊन असताना १/१०००, एफ ५.६ ला आयएसओ २०० च्या आसपास खेळतो, तेव्हा ती ५५-२५० बिनधास्त वापर. सूर्य गेला की मात्र ती लेन्स पिशवीत, कारण २५० ला ती ५.६ च्या वर उघडतच नाही. जिथं ५.६ वर ६४०० लागतो तिथं २.८ वर १६०० मध्ये भागतं. एवढाच हिशोब आहे राव. ५० एमएम लाव आणि हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या) कडेला मांडी घालून बस, पंचाच्या पाठीमागं नको, फेटा आडवा येतोय.
आणि दाण्यांचं एवढं मनावर घेऊ नको. दाणे असलेला फोटो पेपरात छापून येतो, हललेला कुणी घेत नाही.

कराडचा_कॅमेरा:
मिरजकरांशी नव्वद टक्के सहमत, फक्त ‘जेवढी उघडंल तेवढी’ ला माझा विरोध. ५० एमएम १.८ ला ठेवून तीन मीटरवर दोघं आले तर फोकसमध्ये जेमतेम पाऊण फुटाची खोली मिळते, म्हणजे वरच्याचा खांदा शार्प आणि खाली ज्याची पाठ टेकत्येय त्याचा चेहरा गेला. कुस्तीत दोन माणसं असतात हो, मॉडेल नव्हे. मी २.८ च्या खाली जात नाही, लांबून असेल तर २.२ वगैरे. त्यासाठी आयएसओ ३२०० झाला तरी चालेल.
अजून एक, १६०० वर अंधारा फोटो काढून नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळू नका, सावलीतले दाणे अजून वर येतात, त्यापेक्षा कॅमेऱ्यातच ३२०० वर नीट उजळ घ्या आणि रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये घ्या. फोकस मधल्या पॉइंटवर, एआय सर्व्हो (हलत्या माणसामागं फोकस फिरत राहतो तो मोड). १५००डी सेकंदाला तीनच फ्रेम देतो, त्यामुळं बटण दाबून धरण्यापेक्षा डाव ओळखायला शिका. आमच्या गोळेश्वरच्या बाजूची म्हातारी माणसं हलगी चढली की सांगतात आता चितपट होणार म्हणून, त्यांच्या शेजारी बसायचं.

सातारी_कंदी:
मी कुस्तीवाला नाही, कास पठारावर फुलांचे फोटो काढणारा आहे, तिथं सगळं उलटं. एफ ८ ते ११, आयएसओ २०० नाहीतर ४००, कारण पुढचा तेरडा आणि मागचा गालिचा दोन्ही पाहिजेत. एफ १६, २२ ला गेलं की आमच्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर फोटो उलट मऊ पडायला लागतो, तरी लोक जातात. पण वारा सुटला की तिथंसुद्धा १/२५० लागतं आणि मग आयएसओ ८०० करायला लाज वाटत नाही. त्यामुळं मिरजकरांचं शटरचं पटलं.

मांडव_ते_मुंडावळ्या:
लग्नं करतो सांगलीत, म्हणून एक गोष्ट सांगतो जी वर कुणी बोललं नाही. अंधार पडल्यावर मैदानात एलईडीचे फोकस लावतात ना, त्यातले स्वस्तातले सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण १/५०० ला फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात, एक फ्रेम उजळ, पुढची काळी. कार्यालयात आम्हाला रोजचंच आहे हे. उपाय म्हणजे शटर १/१०० नाहीतर १/५०. आता त्यावर डाव थांबणार नाही हे उघड आहे, म्हणून लाइट लागल्यावर सलामी, शड्डू, पंचानं वर केलेला हात, इनामाच्या नोटा, गर्दीतले फेटे असलं काढायचं. १/१००, एफ २.८, आयएसओ ८०० च्या आसपास. सगळेच लाइट असले नसतात, तेव्हा कुस्त्या जोडायचं चाललंय तोवर दोन-चार फ्रेम मारून बघून घ्या.

पलूसकर_क्लिक:
पट्टे!! मी ते लेन्सचं दुखणं समजून दुकानदाराला शिव्या घालत होतो. बरं मग २.८, १/५००, ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत, ठरलं. मातीचं काय करता, हौद्याजवळ बसलं की लेन्सवर थर बसतोय?

कराडचा_कॅमेरा:
यूव्ही फिल्टर लावून टाका, आणि मैदानात लेन्स बदलायची नाही, ५० लावायची तर आधी देवळामागं जाऊन लावून या. पुसायच्या आधी ब्लोअर मारा, शर्टाच्या टोकानं घासलं की संपलं.